उलट्या हंगामाची वाइन

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रान्सच्या बोर्दो परिसरातल्या द्राक्षवेली नुसत्या काटक्या होऊन उभ्या असतात. पानगळ होऊन महिने लोटलेले, छाटणी चालू आणि नवा कोंब दिसायला अजून महिना-दीड महिना अवकाश. त्याच आठवड्यात नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ सुला विनयार्ड्स या वाइन कंपनीच्या आवारात द्राक्षांचे क्रेट रचलेले टेम्पो सकाळीच येऊन उभे राहतात. बोर्दो आणि नाशिक दोन्ही उत्तर गोलार्धात. पण नाशिकची वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे जवळपास दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या वेळापत्रकाने उतरतात. सुलाची बाटली उघडल्यावर जी चव येते, त्या चवीच्या बऱ्या-वाईट बाजू आणि ती आपल्या जेवणात कुठे बसते, कुठे बसत नाही, या सगळ्याचे मूळ या उलट्या हंगामात आहे.

आंबा, गुलाब, साग आणि मग द्राक्ष

सुलाची सुरुवात वाइनपासून झाली नाही. तिचे संस्थापक राजीव सामंत हे मुंबईत वाढलेले, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेले अभियंते. कॅलिफोर्नियात ओरॅकल कंपनीतली नोकरी सोडून ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला परतले आणि नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर काय पिकवावे याचे प्रयोग करू लागले. आंबा लावून झाला, गुलाब झाले, साग झाला, खायची द्राक्षेही झाली. द्राक्षांच्या या जिल्ह्यात वाइनची द्राक्षे मात्र कुणी लावत नव्हते. कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्याने सामंतांनी १९९७ साली सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन वाणांची लागवड केली. पहिली वाइन बाजारात आली २००० साली. कंपनीला नाव मिळाले ते सामंतांच्या आईचे, सुलभाताईंचे, आणि बाटलीवर बसला झुपकेदार मिशांचा सूर्य.

भारतात वाइन करणारे ते पहिले नव्हते. श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकातच पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळ फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन काढली होती आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही पाठवली होती. कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी बोर्दोचे नामवंत तज्ज्ञ मिशेल रोलाँ यांना सोबत घेतले होते. सुलाचे वेगळेपण निराळ्या जागी होते. २००५ साली कंपनीने आपल्या आवारातच चव घेण्याची खोली, म्हणजे टेस्टिंग रूम उघडली. वाइन हे पंचतारांकित हॉटेलातले पेय न राहता मुंबईहून चार तासांची सहल करून, समोर बाग पाहत, घोट घेऊन विकत घ्यायची वस्तू झाली. पुढे २००८मध्ये ‘सुलाफेस्ट’ हा संगीत महोत्सव आला, मग राहण्याची सोय आली आणि शनिवार-रविवारी गंगापूर रस्त्यावर गाड्यांची रांग लागू लागली.

दोन छाटण्या, एक पीक

जगातले बहुतेक नावाजलेले वाइन प्रदेश विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. नाशिक आहे २० अंशांवर. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपते आणि वसंतात आपसूक उठते. महाराष्ट्रात ती कधी झोपतच नाही. तिला तिच्या मनाप्रमाणे वाढू दिले, तर घड भर पावसाळ्यात लागतील आणि डाऊनी, भुरी, करपा या रोगांतून काही हाती लागणार नाही. म्हणून इथल्या बागाईतदारांनी वेलीचे वर्षच कात्रीने दोन भागांत कापले आहे.

पहिली खरड छाटणी, एप्रिलच्या सुमारास. पीक निघून गेलेल्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपर्यंत, खरडून काढतात. या छाटणीतून फळ घ्यायचे नसते. कडक उन्हात नव्या काड्या फुटतात आणि मे-जूनच्या त्या उन्हातच काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या घडाची सूक्ष्म जडणघडण होते. पावसाळ्याचे ढग लवकर जमले, ऊन कमी मिळाले, तर पुढे जाऊन डोळे फुटतात पण त्यांतून घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे आधाराला वेढणारा तंतू, निघते. पावसाळाभर काडी पक्व होऊ द्यायची, पानांवर रोग येऊ द्यायचा नाही, एवढेच काम.

दुसरी गोडी छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरताना. आता पिकलेली काडी मोजके डोळे ठेवून कापतात. त्यानंतरचे काम पाहण्यासारखे असते. हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण भांड्यात घेऊन, हातात जाड हातमोजे घालून मजूर एकेका काडीच्या डोळ्यांवर ते फडक्याने किंवा स्पंजने चोपडत ओळीने पुढे सरकतात. बागाईतदार याला ‘पेस्ट लावणे’ म्हणतात. युरोपात जे काम हिवाळ्याची थंडी करते, ते इथे हे रसायन करते: झोप न झालेल्या डोळ्याला एकदम जागे करते, म्हणजे सगळ्या डोळ्यांची फूट एका वेळी निघते आणि सगळे घड एका वेळी पिकतात. तिथून चार-साडेचार महिन्यांत माल तोडणीला येतो.

ही कसरत सुलाने शोधलेली नाही. खायच्या द्राक्षांसाठी नाशिक, सांगली, सोलापूरच्या शेतकऱ्यांनी ती अनेक दशके हातात बसवली होती. ठिबक, खारवट पाण्याला दाद न देणारा डॉगरिजसारखा खुंट आणि त्यावर केलेले कलम, रोज सकाळी बाग चालून पानांची खालची बाजू पाहण्याची सवय, हे सगळे तयार होते. वाइन कंपन्यांनी त्यावर वेगळा वाण चढवला. आजही सुलाची बहुतांश द्राक्षे दीर्घ मुदतीच्या करारावर शेतकऱ्यांच्या बागांतूनच येतात.

भूगोलाचीही साथ आहे. नाशिकचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, दिवस उबदार आणि रात्री कडाक्याच्या. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. रात्र थंड असली की द्राक्षातले मॅलिक आम्ल जळून जाण्याचा वेग मंदावतो आणि रसात तजेला टिकतो. दिंडोरी, गंगापूर भागातल्या उतारावरची मुरमाड जमीन पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे वेल पाल्यात माजत नाही.

ऊन वाढत असताना पिकणारे फळ

युरोपातली द्राक्षे ऑगस्टपासून पुढे पिकतात. दिवस लहान होत जातात, हवा गार होत जाते, साखर सावकाश भरते. नाशिकमध्ये नेमके याच्या उलट. मणी पाणी धरतो तेव्हा थंडी असते आणि तो पिकायला लागतो तेव्हा दिवस मोठे होत असतात, ऊन चढत असते. मार्च उजाडला की साखर धावत सुटते आणि आम्ल कोसळते. तोडणी चार-पाच दिवस लांबली तरी रसाचा तोल बदलतो. म्हणून पांढऱ्या वाइनची द्राक्षे आधी, जानेवारी-फेब्रुवारीतच उतरवतात. शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों ही लाल द्राक्षे मागाहून येतात. तोडणी रात्री किंवा पहाटे करतात, कारण दुपारी तोडलेला गरम मणी क्रेटमध्येच आंबू लागतो.

या हंगामामुळे नाशिकच्या वाइनचा स्वभाव ठरतो. फळाचा वास भरपूर, शरीर मध्यम, आम्लता जपून राखलेली, आणि पिण्याचे वय कोवळे. दहा-वीस वर्षे तळघरात ठेवण्यासाठी ही वाइन नाही. पांढरी तर वर्ष-दोन वर्षांतच उत्तम लागते. बाटलीवर २०२४ साल असेल, तर तिची छाटणी २०२३च्या पावसाळ्याअखेरीस झाली, तोडणी २०२४च्या सुरुवातीला, आणि पांढरी वाइन त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दुकानात दिसू शकते.

धोकाही याच वेळापत्रकात आहे. छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला तर फुलोरा गळतो. मणी भरल्यावर आला तर त्याला तडे जातात. नोव्हेंबर २००९च्या फयान वादळाचा पाऊस आणि २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट नाशिकचे बागाईतदार अजून विसरलेले नाहीत.

खायचे द्राक्ष वेगळे, प्यायचे वेगळे

थॉम्पसन किंवा तास-ए-गणेशचा घड टपोरा, लांबट मण्यांचा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा. मणी लांबवण्यासाठी त्याला जिबरेलिक आम्लात बुडवलेलेही असते. वाइनच्या द्राक्षांना असले लाड नाहीत. मणी बारीक हवा, साल जाड हवी, बिया असल्या तर उत्तम. रंग, वास आणि तुरटपणा हे प्रामुख्याने सालीत असतात; मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. गोडीही जास्त लागते. खायची द्राक्षे साधारण १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचे माप) आसपास तोडतात, लाल वाइनची २२-२३पर्यंत जाऊ देतात. लिटरभर रसातल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल तयार होते, या हिशेबाने १३ टक्क्यांची वाइन निघते. ७५० मिलीच्या एका बाटलीला किलोभराहून थोडी जास्त द्राक्षे लागतात.

कारखान्यात पांढऱ्या आणि लाल वाइनची वाट पहिल्याच पायरीवर फुटते. पांढरीसाठी मणी लगेच दाबून रस वेगळा काढतात आणि तो स्टीलच्या टाक्यांत १२ ते १६ अंश तापमानाला आंबवतात. बाहेर ऊन तापत असताना टाकीच्या दुहेरी भिंतीतून गार द्रव फिरत असतो, कारण तापमान चढले तर फुलांफळांचे नाजूक वास उडून जातात. लाल वाइन मात्र सालीसकट आंबते. साली वर तरंगून जाड थर धरतात; खालचा रस पंपाने उचलून त्यावर पुन्हा पुन्हा सोडतात, तसा रंग आणि तुरट टॅनिन उतरत जाते. ‘दिंडोरी रिझर्व्ह’सारख्या वाइन पुढे ओकच्या पिपांत मुरतात. फसफसत्या ‘ब्रूट’ची रीत शँपेनची: बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायचे, म्हणजे तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर न जाता वाइनमध्येच विरघळतो.

वाणांची कुळकथा

सुलाच्या बाटल्यांवरची नावे फ्रेंच असली, तरी प्रत्येक वाण नाशिकला येऊन थोडा बदलला आहे.

शेनिन ब्लाँ मूळचा फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातला. दक्षिण आफ्रिकेत तो सर्वाधिक लावलेला वाण आहे. त्याची आम्लता अंगचीच जास्त, त्यामुळे उष्ण हवेत पिकूनही रस सपक होत नाही. सुला त्याची वाइन किंचित गोड ठेवते. वाइनचे जुने जाणकार या गोडीवर नाक मुरडतात, पण पहिल्यांदा वाइन पिणाऱ्या असंख्य भारतीयांची सुरुवात याच बाटलीपासून झाली. तीच द्राक्षे वेलीवर आणखी काही आठवडे ठेवून, सुरकुतू देऊन ‘लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ’ ही जेवणानंतरची गोड वाइन करतात.

सोव्हिन्यों ब्लाँच्या पेल्यात ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो, तो भास नसतो. मेथॉक्सिपायराझिन या गटातली तीच संयुगे दोन्हींत आहेत. घडावर ऊन पडले की ती कमी होतात, म्हणून वाइनला किती हिरवा वास हवा हे बागेत पाने किती ठेवली यावरही ठरते. नाशिकच्या सोव्हिन्योंमध्ये या हिरवेपणाबरोबर पेरू, पॅशनफ्रूट यांसारख्या फळांचाही वास मिसळलेला असतो.

झिनफँडेल ही कॅलिफोर्नियाची ओळख. पण २००१मध्ये डीएनए तपासणीतून तिचे मूळ क्रोएशियाच्या किनारपट्टीवरच्या, जवळजवळ नामशेष झालेल्या एका वाणात सापडले. इटलीतला प्रिमितिव्होही तोच. सुला या वाणाची लाल वाइन करते आणि गुलाबी रोझेही. कॅबरने सोव्हिन्योंचे आईबाप १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी ओळखले. लाल कॅबरने फ्राँ आणि पांढरा सोव्हिन्यों ब्लाँ यांचा तो संकर निघाला. जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित लाल द्राक्षाच्या रक्तात पांढरे द्राक्ष निघावे याचे तेव्हा वाइनजगताला नवल वाटले. नाशिकमध्ये हा वाण उशिरा पिकतो आणि वाढत्या उन्हाशी त्याची सर्वांत जास्त झटापट होते.

नाशिकला खरा मानवला तो शिराझ. रंग गडद, साल जाड, ऊन सोसण्याची तयारी, आणि चवीत जांभळ्या फळांच्या मागून येणारी काळी मिरी. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८मध्ये या मिरीच्या वासाचे कारण शोधले: रोटंडोन नावाचे संयुग, जे खऱ्या काळ्या मिरीतही असते. ते इतके तीव्र की लिटरभर वाइनमध्ये ग्रॅमच्या काही अब्जांश भागानेही नाकाला कळते. गंमत अशी की पाचातल्या एखाद्या माणसाला ते अजिबात जाणवत नाही. ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ आणि त्याहून महाग ‘रासा शिराझ’ या सुलाच्या मातब्बर लाल वाइन याच वाणाच्या. याशिवाय रिस्लिंग आणि व्हिओनिए हे दोन सुवासिक पांढरे वाणही कंपनीच्या यादीत आहेत.

धोरण, तेजी आणि घसरण

वाणांइतकाच वाटा सरकारी कागदाचाही आहे. महाराष्ट्र शासनाने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात माफी दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क उभारले. पाच-सात वर्षांत वायनरींचे पीकच आले. अनेक शेतकऱ्यांनी थॉम्पसन काढून शिराझ आणि कॅबरने लावले.

मग २००८-०९ उजाडले. जागतिक मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेले आणि पर्यटन बसले, वाइनचा खप घसरला, टाक्या भरलेल्याच राहिल्या. इंडेज आर्थिक संकटात सापडली. वाइनच्या द्राक्षाची अडचण अशी की ते हातगाडीवर विकता येत नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. वायनरीने नाही म्हटले की शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. कित्येकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. टिकल्या त्या बाजारपेठ हातात असलेल्या कंपन्या. सुलाने २०२१मध्ये गंगापूर धरणाकाठची शेजारीण यॉर्क वायनरी विकत घेतली आणि डिसेंबर २०२२मध्ये सुला स्वतः शेअर बाजारात नोंदली गेली. त्याच वर्षीच्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांच्या विरोधानंतर तो बारगळला.

ताटात कुठे काय

‘मासे-चिकनबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल’ हा नियम ज्या स्वयंपाकघरांत जन्मला, तिथे मांस मीठ-मिरपूड लावून भाजतात. मराठी ताटात चव ठरवते ती फोडणी, वाटण आणि तिखट. आत मटण आहे की बटाटा हा पुढचा प्रश्न.

आधी तिखटाचे पाहावे. मिरचीतले कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवते. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. अल्कोहोल त्याच ग्राहीला आणखी हळवे करते. म्हणजे झणझणीत घासावर साडेचौदा टक्क्यांची लाल वाइन घेतली तर आग विझण्याऐवजी भडकते. त्यात टॅनिनची भर. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखी जीभ आखडून जाते. याउलट थोडी गोडी आणि थंडपणा तिखटाला आवरतात. ज्या गोडीवर जाणकार नाक मुरडतात, ती शेनिन ब्लाँची गोडी इथे कामी येते. खोबऱ्याच्या वाटणातली मालवणी कोळंबी, नारळाच्या रसातली फिश करी, मध्यम तिखट अंडाकरी यांच्यासोबत गारेगार शेनिन चोख बसते.

तळणीला बुडबुडे मानवतात. साबुदाणा वडा, खुसखुशीत कोथिंबीर वडी, रव्यात घोळून तळलेला बोंबील: तीनही तेलकट, खारट आणि कुरकुरीत. ब्रूटची आम्लता आणि फेस तोंडातला तेलाचा थर धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. अळूवडीत चिंच-गूळ असतो, तिथे कोरड्या ब्रूटपेक्षा रोझे बरी.

सोव्हिन्यों ब्लाँ हिरव्या चटणीची सोबतीण. कोथिंबीर-पुदिन्याचे वाटण लावून केलेले पापलेट, हिरव्या मसाल्यातले चिकन, काकडीची कोशिंबीर यांतला पाल्याचा वास आणि वाइनमधला हिरवा वास एकमेकांना धरून राहतात. वर पिळलेले लिंबू चालते, कारण वाइन पुरेशी आंबट आहे. खाण्यातला आंबटपणा वाइनपेक्षा जास्त झाला की वाइन पाणचट लागते; सोलकढीसमोर म्हणूनच कोणतीच वाइन टिकत नाही.

माशांबरोबर लाल वाइन का बिघडते, याचेही उत्तर आता ठाऊक आहे. जपानी संशोधकांनी २००९मध्ये दाखवले की वाइनमधल्या लोहामुळे माशातल्या स्निग्ध पदार्थांपासून तोंडात हिवस वास तयार होतो. लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त असते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांशी हा प्रकार जास्त जाणवतो, पापलेटशी कमी.

कोल्हापूरच्या ताटात दोन रस्से, दोन वेगळे न्याय. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, काजू-खसखशीचा, मिरी-वेलचीचा. त्याच्याबरोबर ‘दिंडोरी रिझर्व्ह व्हिओनिए’चे भरदार शरीर आणि पिकल्या फळांचा वास शोभतो. तांबड्या रश्शाशी वाइनने भांडू नये. सुके मटण मात्र, काळा मसाला जास्त आणि लाल तिखट हात आखडून घातलेले, हे शिराझचे हक्काचे ठिकाण. मटणातले प्रथिन आणि चरबी टॅनिनला मऊ करतात आणि मसाल्यातल्या मिरीला वाइनमधल्या मिरीची जोड मिळते. शाकाहारी मंडळींसाठी खानदेशी भरीत आहे: निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा धूर आणि ओकच्या पिपाचा वास एका जातीचे. हिरव्या मिरच्या ठेचताना जरा दया दाखवली तर शिराझ, नाहीतर झिनफँडेल रोझे.

आणि नाशिकची मिसळ? द्राक्षबागा आणि मिसळीची ठिकाणे एकाच रस्त्याला लागून असल्याने हा प्रश्न तिथे रोज कुणीतरी विचारतो. तर्री, फरसाण, कांदा, लिंबू हे सगळे एकत्र आल्यावर नाजूक वास असलेली कुठलीही वाइन हरते. तिथे ताकच जिंकते.

गोडाचा नियम सोपा: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी यांची गोडी लेट हार्वेस्टलाही मागे टाकते. ती वाइन खुलते फळांबरोबर किंवा खाऱ्या पदार्थाबरोबर: भाजलेले अननस, कमी साखरेचे आंब्याचे पुडिंग, खारे काजू, जरा उग्र चीज.

पेल्यापर्यंत पोचताना

पुस्तकांत लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असे असते, ते युरोपातल्या जुन्या दगडी घरांचे १६ ते १८ अंश. मे महिन्यातल्या पुण्या-नागपूरच्या खोलीत ती ३५ अंशांवर असते आणि अल्कोहोलचा भपका नाकात जातो. वाढण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली की शिराझ सुधारते. पांढरी ८ ते १० अंशांवर, फसफसती त्याहूनही गार. सुलाच्या बहुतेक बाटल्यांना कॉर्कऐवजी फिरकीचे झाकण असते. वाइन हलकी म्हणून नव्हे. कोवळ्या वयात प्यायच्या वाइनला कॉर्कची गरज नाही आणि आपल्याकडच्या उष्ण गोदामांत कॉर्क वाळून हवा आत शिरण्याची भीती असते.

१५० मिलीचा एक पेला धरला, तर बाटलीत पाच पेले होतात आणि प्रत्येकात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल जाते. ‘लाल वाइन हृदयाला चांगली’ हा समज अजून ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२३च्या सुरुवातीलाच स्पष्ट केले की अल्कोहोलचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आहे.

टेस्टिंग रूममध्ये पेले येतात ते ठरलेल्या क्रमाने: आधी फसफसती, मग पांढऱ्या, मग रोझे, मग हलक्या ते भारी लाल, आणि शेवटी लेट हार्वेस्ट. घरी तीन-चार बाटल्या एकत्र उघडायच्या असतील तर हाच क्रम पाळावा. शिराझच्या टॅनिनने आखडलेल्या जिभेला नंतर सोव्हिन्यों नुसती आंबट लागते. उरलेली बाटली, लालसुद्धा, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्येच ठेवावी. पांढरी आणि रोझे दोन-तीन दिवस तग धरतात, शिराझ तीन-चार दिवस, गोडीमुळे लेट हार्वेस्ट आठवडाभर. ब्रूट मात्र खास बूच लावूनही दुसऱ्या दिवशी निम्मी निवलेली असते, तेव्हा ती उघडायची तर कोथिंबीर वड्यांचा दुसरा घाणा कढईत सोडून मगच.